तिसऱ्या कूलरचा आकडा

लिंकर एरर म्हणजे काय, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. कंपनीच्या व्हॅनमधून उतरून मी जिना कसा चढतो, यावरून बायको ओळखते. "आज पण जुळलं नाही वाटतं," असं म्हणते आणि चहात आलं जास्त घालते. मुलगी इंडियन स्कूलची, त्यामुळे तिचा प्रश्न अर्धा हिंदीत आणि अर्धा इंग्रजीत येतो, "पप्पा, आज भी नॉट फाउंड?" मी नुसती मान हलवतो. वीस वर्षं प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाची घरात एवढीच पत.

यातला हसण्यासारखा भाग बराच आहे, तो मी आजवर चारचौघांत खूपदा सांगितलाय. दुसरा भाग मी सहा वर्षं कुणालाच सांगितला नाही. बायकोलासुद्धा नाही. आता सांगून झालंय, तेव्हा लिहायला हरकत नाही.

मी मूळचा कराडकडचा. सौदीत जुबैलला येऊन बारा वर्षं झाली. आमची कंपनी कारखान्यांच्या देखभालीची कंत्राटं घेते. मी तिच्या ऑफिसात एसीखाली बसून प्रोग्रॅम लिहितो, आणि बाकीची माणसं उन्हात हेल्मेट घालून खरं काम करतात. त्या उन्हातल्या माणसांत एक मास्तर होते. रत्नागिरीच्या खाडीकाठचे, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे. गणित घेऊन बीएस्सी झालेले, गावी काही वर्षं शाळेत शिकवलेले, म्हणून सगळा कॅम्प त्यांना मास्तर म्हणायचा. इथे मात्र ते टेक्निशियन. इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या कार्डावर, तेच लिहिलेलं. आणि त्या व्यवसायावर बायको-मुलीला इथे आणता येत नव्हतं. मुलगी तेव्हा पाचवीत होती. तिचा अभ्यास मास्तर व्हिडिओ कॉलवर घ्यायचे. फोन बादलीला टेकवून ठेवायचे, कारण खोलीत चौघांमध्ये टेबल एकच.

शुक्रवारी ते आमच्याकडे जेवायला असत. सकाळी मासळीबाजारात जाऊन सुरमई घ्यायची, नमाज आटोपून आमच्याकडे यायचं आणि ओट्यापाशी उभं राहून बायकोला सूचना द्यायच्या, हा त्यांचा शिरस्ता. "वहिनी, चिंच जरा हात सैल सोडून घाला, ही कराडची आमटी नव्हे." बायको त्यांना भाई म्हणायची. जेवण झालं की ते माझ्या मुलीला अपूर्णांक शिकवत. तिने इंग्रजीत शंका विचारली की म्हणत, "आधी मराठीत विचार, मग सांगतो." तिचं मराठी जे काही आहे, ते त्या अपूर्णांकांच्या आशेने आलेलं आहे.

आता कूलरचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. कारखान्यात गरम द्रव थंड करायला मोठमोठे कूलर असतात, त्यांत समुद्राचं पाणी फिरवतात. नळ्यांत आतून क्षार बसतो, जसा आपल्या घरी गिझरमध्ये बसतो. किती दिवसांनी कुठला कूलर उघडून साफ करायचा, हे आमचा जुना प्रोग्रॅम सांगायचा. मास्तरांनी सलग दोन उन्हाळे एका वहीत रोजची तापमानं लिहिली आणि त्यांच्या लक्षात आलं की समुद्र तापला की थर भराभर वाढतो. जुन्या हिशेबात हे नव्हतंच. त्यांनी एक गुणक काढला. थंडीत तो जवळपास एक, म्हणजे काही बदल नाही. ऑगस्टात तो खाली यायचा. तिसऱ्या कूलरचा शून्य पूर्णांक त्र्याऐंशी. याचा अर्थ, जो कूलर शंभर दिवसांनी उघडायचा, तो त्र्याऐंशीव्या दिवशीच उघडा. हे सगळं त्यांनी कॅम्पातल्या खोलीत बसून, आकडेमोडीसाठीच असलेल्या एका स्क्रिप्टच्या भाषेत स्वतः शिकून लिहिलं होतं. मी वाचलं तेव्हा मला थोडा हेवा वाटला. हेही आजच सांगतोय.

मास्तरांनी ते मुदीरला, म्हणजे आमच्या मॅनेजरला दाखवलं. मुदीर सौदी, सरळ माणूस. तो म्हणाला, आपल्या प्रोग्रॅममध्ये हे बसवा, गेल्या ऑगस्टच्या आकड्यांवर चालवून दाखवा. वेळापत्रक सुधारलं तर मी मास्तरांचा व्यवसाय 'टेक्निशियन' वरून 'विश्लेषक' करण्याचं पत्र देतो. डिग्रीवर वकिलातीचे साक्षांकनाचे शिक्के होतेच. पत्र मिळालं की इकामा बदलणार, इकामा बदलला की बायको आणि मुलगी येणार. बसवायचं काम माझ्याकडे आलं.

माझा प्रोग्रॅम सी-प्लस-प्लसमधला. तो आधी कंपाईल होतो, म्हणजे मशिनच्या भाषेत उतरतो, मग लिंकर नावाचा एक कारकून सगळे तुकडे जोडतो. मास्तरांच्या स्क्रिप्टची आम्ही एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला वापरता येईल असा तयार तुकडा, करून घेतली आणि माझ्या प्रोग्रॅममधून तिच्यातल्या गुणक काढणाऱ्या फंक्शनला नावाने हाक मारली. लिंकर म्हणाला, या नावाचं कुणी सापडत नाही. मी नाव तपासलं. बरोबर होतं. फोल्डर तपासला, तोही बरोबर. तरी सापडत नाही. आठवडाभर तेच.

मास्तर रोज संध्याकाळी ड्यूटी संपवून धुळीच्या बुटांसकट माझ्या टेबलाशी येत. "काय वो इंजिनेर, आमच्या फंक्शनला एन्ट्री मिळाली?" एकदा त्यांनी विचारलं, हा लिंकर नेमकं करतो काय? मी म्हटलं, तो फक्त नाव बघतो, आत काय आहे ते बघत नाही. हे ऐकून मास्तर हसत सुटले. त्यांची स्वतःचीच गोष्ट निघाली. पहिल्यांदा दम्मामला उतरले तेव्हा कंपनीचा ड्रायव्हर त्यांच्या नावाची पाटी धरून उभा होता. पण त्याच नावाचा एक दुसरा माणूस आधी बाहेर आला. ड्रायव्हरने त्याला बसवलं, पाटी मिटली आणि निघून गेला. मास्तर पाच तास विमानतळावर. "त्याचं पण काम झालेलंच की," ते म्हणाले. "नाव जुळलं, गाडी भरली, खलास."

ते हसत होते, मीही हसलो. आणि दुसऱ्याच दिवशी मी नेमकं तेच केलं.

झालं असं की मला वेळापत्रक दाखवणाऱ्या स्क्रीनचं काम पुढे न्यायचं होतं आणि लिंकर हटून बसला होता. अशा वेळी आमच्या धंद्यात सगळे करतात ते मी केलं. त्याच नावाचं एक पोकळ फंक्शन लिहिलं. आत एकच ओळ, उत्तर द्यायचं एक. गुणक एक म्हणजे काही बदल नाही, कुणाला त्रास नाही. तात्पुरतं. लिंकर खूश, मी खूश.

दोन दिवसांनी खरं कारण सापडलं. लायब्ररी चौसष्ट बिटांची होती आणि माझा प्रोग्रॅम अजून बत्तीसचा, म्हणून लिंकर तिला बघून न बघितल्यासारखं करत होता. मी प्रोग्रॅम चौसष्टचा केला, लायब्ररी नीट यादीत घातली, बटण दाबलं. एकही एरर नाही. मी खुर्चीसकट गोल फिरलो. मास्तरांना साइटवर फोन केला, ते मागच्या ग्राइंडरच्या आवाजावर ओरडून म्हणाले, "यल्ला, चला मग, शुक्रवारी दोन सुरमया."

ते पोकळ फंक्शन काढायचं मात्र राहिलं. आणि लिंकर आधी माझ्या फायलींत बघतो, लायब्ररीत नंतर. नाव माझ्याच फाईलमध्ये सापडलं, त्याने पाटी मिटली.

चाचणीच्या दिवशी मुदीरने जुनं वेळापत्रक आणि नवं वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवलं. एका दिवसाचासुद्धा फरक नाही. त्याने पुन्हा चालवायला सांगितलं. तेच. मास्तर म्हणाले, माझ्या लॅपटॉपवर फरक दिसतो. मग माझ्याकडे वळून विचारलं, "प्रोग्रॅम खरंच आपल्या फंक्शनला बोलावतोय ना?" मी म्हणालो, एकही एरर नाही, लिंक झालंय. तेव्हा ते खोटं नव्हतं. मुदीर समजावणीच्या सुरात म्हणाला की लॅपटॉपवर चार ओळींत दिसणारा फरक मोठ्या प्रोग्रॅममध्ये कधी कधी विरून जातो, मेहनत चांगली आहे, पण याने काही फरक पडत नाही. पत्राचा कागद टेबलावर होता, तो त्याने परत फायलीत घातला.

पुढच्या शुक्रवारी मास्तर नेहमीसारखे आले. सुरमई एकच होती. जेवताना म्हणाले, कुठेतरी गणितातच घोळ असणार, वही पुन्हा बघायला हवी.

चाचणीनंतर सोळाव्या दिवशी मी फोल्डर साफ करायला बसलो आणि ती फाईल दिसली. एक ओळ. उत्तर, एक. फाईल यादीतून काढून प्रोग्रॅम चालवला. तिसरा कूलर, शून्य पूर्णांक त्र्याऐंशी. वेळापत्रक सगळं हललं, आणि गेल्या ऑगस्टात प्रत्यक्षात जे कूलर तुंबले होते ते सगळे बरोबर पकडले गेले.

मी उठून मुदीरच्या दारापर्यंत गेलो होतो. खरंच गेलो होतो. तो फोनवर होता. मी परत आलो. त्याच महिन्यात माझा इकामा नव्याने व्हायचा होता, बायकोचं आणि मुलीचं राहणं माझ्या कार्डावर. मी स्वतःला सांगितलं, नूतनीकरण होऊ दे, मग सांगू. ते झालं. मग वाटलं, आता मध्येच का सांगितलं म्हणून विचारतील. दिवस जाऊ लागले की गोष्ट सांगणं अवघड होत जातं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

पण मी नुसता गप्प बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. दोन महिन्यांनी प्रोग्रॅमची नवी आवृत्ती गेली, त्यात मास्तरांचं फंक्शन खरोखरचं चालू होतं. मला वाटलं होतं, आकडे सुधारलेले दिसतील, मुदीरच विचारेल, मग बोलता येईल. त्याने विचारलं. "तू काय केलंस? हे फारच चांगलं आलंय." आणि माझ्या तोंडून निघालं, थोडं ट्यूनिंग केलं. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. वर्षअखेरीला मी त्या प्रोग्रॅमचा प्रमुख झालो. तोवर मास्तरांची बदली यान्बूला झाली होती, तेराशे किलोमीटर पलीकडे, तांबड्या समुद्राच्या काठी. जाताना त्यांनी माझ्या मुलीला कंपासपेटी दिली.

सहा वर्षं गेली. मास्तर ईदला फोन करत, मी दिवाळीला. बोलणं हवेचं, मासळीचं, मुलींचं.

मग आमच्या कंपनीला यान्बूच्या आणखी एका कारखान्याचं काम मिळालं आणि प्रोग्रॅम तिथे बसवायला मला पाठवलं. आमच्या यान्बूच्या शाखेतर्फे तो ताब्यात घेणारा माणूस कोण, तर मास्तर. दाढी पांढरी झालेली, चष्मा आलेला. गेटवर मिठी मारली. "इंजिनेर, पोट आलं की तुम्हाला." मी स्वतःहून सांगितलं, असं इथे लिहायला मला आवडलं असतं. विमानात मी सांगायचं ठरवलंही होतं. पण गेट ते कंट्रोल रूम हा पाच मिनिटांचा रस्ता मी समुद्राच्या रंगाबद्दल बोलण्यात घालवला.

चाचणीसाठी प्रोग्रॅमसोबत जुबैलचे जुने आकडे यायचे. त्याच ऑगस्टचे. मास्तरांनी स्क्रीन खाली सरकवली आणि तिसऱ्या ओळीवर थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हा आकडा माझा हाय."

मग मी सांगितलं. पोकळ फाईल, बत्तीस-चौसष्ट, चाचणी, ट्यूनिंग, सगळं. त्यांनी मध्ये अडवलं नाही. बाजूच्या खुर्चीवरचा पोरसवदा ऑपरेटर काहीतरी विचारायला आला, त्याला हाताने थांब म्हणाले.

"तुला कधी कळलं?" इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

"सोळाव्या दिवशी."

"आणि त्यानंतर मी यान्बूला येईपर्यंत शुक्रवार किती झाले?"

त्यांनी टेबलावरचं पेन घेतलं आणि पाच-पाचच्या गटाने रेघा मारत मोजलं. गणिताचा माणूस.

"अकरा. अकरा शुक्रवार मी तुझ्या घरी जेवलो, आणि प्रत्येक शुक्रवारी तुला सांगत होतो की वहीत चूक कुठे हाय ते सापडत नाय."

हे खरं होतं. ते सांगत होते आणि मी त्यांना भात वाढत होतो.

थोड्या वेळाने ते पुन्हा स्क्रीनकडे वळले. एकेक कूलर बघत गेले, दुसरा, पाचवा, नववा, आणि ओठांतल्या ओठांत आकडे म्हणत राहिले. सगळे पाठ होते त्यांना. शेवटच्या ओळीला पोचल्यावर त्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. रागच होता, पण त्याच्या मागून काहीतरी उजळ येत होतं. "म्हणजे बरोबर होतं," ते म्हणाले. "वही मी मागल्या साली जाळली, रे."

मी म्हटलं, मी मुदीरला सांगतो, परत गेलो की लगेच.

"परत गेल्यावर नाय. आता लिही. माझ्यासमोर."

तर मी तिथेच, कंट्रोल रूममध्ये, सकाळी साडेदहाला मुदीरला मेल लिहिला. इंग्रजीत लिहिलं की चाचणीच्या वेळी अनवधानाने चुकीचं फंक्शन जोडलं गेलं होतं, गुणकाचं सगळं श्रेय यांचं आहे. मास्तरांनी वाचलं आणि 'अनवधानाने' या शब्दावर बोट ठेवलं. पहिले सोळा दिवस अनवधान, म्हणाले. पुढची सहा वर्षं नाय. तसं लिही. मी तसं लिहिलं. तिसऱ्या कूलरचा आकडा मी घाईत त्र्याण्णव टाइप केला होता, तोही त्यांनी दुरुस्त करून घेतला. मग म्हणाले, पाठव.

संध्याकाळी हॉटेलवरून बायकोला फोन केला. सगळं सांगितलं. मी म्हटलं, तेव्हा इकाम्याचं नूतनीकरण होतं, तुमच्या दोघींचं राहणं... तिने वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "आमच्यावर ढकलू नकोस," ती म्हणाली. "आम्हाला विचारलं होतंस का?" आणि मग एवढंच विचारलं, भाई जेवले का.

मुदीरने मला बोलावून घेतलं. ओरडला नाही, ओरडला असता तर बरं वाटलं असतं. त्याने माझं प्रमुखपद काढून घेतलं, आणि माझ्यासमोरच मास्तरांच्या पत्राचा मसुदा केला. इकामा बदलायला पाच महिने लागले. मास्तरांची बायको यान्बूला आली. मुलगी नाही आली. ती अकरावीत, कॉलेज, मैत्रिणी. तिने वडिलांना सांगितलं, आता कशाला, सुट्टीत येईन. हे मला मास्तरांनी सांगितलं नाही, माझ्या बायकोने सांगितलं. तिला त्यांचा फोन येतो. हल्ली त्यांच्या घरात कराडचा मसाला जातो आणि आमच्या मुलीच्या गणिताच्या शंका व्हिडिओवर सुटतात, मराठीतून. फोन आता बादलीला टेकवावा लागत नाही. मी त्या वेळात बाल्कनीतली झाडं बघतो.

माझ्याशी मास्तर फक्त कामाचं बोलतात, तेही मेलवर. गुणकाची देखरेख आता त्यांच्याकडे आहे. दर आवृत्तीला ते नवी लायब्ररी पाठवतात आणि मी ती जोडतो. प्रोग्रॅम सुरू होताना फंक्शन कुठल्या फाईलमधून आलंय ते आता स्क्रीनवर छापलं जातं, ते मी घातलं. कुणी सांगितलं नव्हतं. तरी प्रत्येक वेळी लायब्ररीसोबत त्यांची एक ओळ येते.

"गाडीत कोण बसलंय?"

मी प्रोग्रॅम चालवतो, तिसऱ्या ओळीपर्यंत खाली जातो, आणि दिसेल तो आकडा लिहून पाठवतो.